प्रोफ्यूमोंचा राजीनामा आणि लोकांचा राग

५ जून १९६३ रोजी ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो यांचा राजीनामा जाहीर झाला. क्रिस्टीन कीलर या तरुणीशी आपले काहीही अनुचित संबंध नव्हते, असे त्यांनी २२ मार्चला कॉमन्स सभागृहात सांगितले होते. ते खोटे होते, ही कबुली त्यांनी राजीनाम्याच्या पत्रात दिली. सोव्हिएत वकिलातीतील नौदल अधिकारी येवगेनी इवानोव्ह यांच्याशीही कीलर यांची ओळख असल्यामुळे प्रकरणाला हेरगिरीचा वास होताच. या साऱ्याचा एकच अर्थ गेली साठ वर्षे शहाण्यासुरत्या मंडळींत सांगितला जातो: मंत्री बाईपायी गेला नाही, सभागृहाशी खोटे बोलला म्हणून गेला. चघळण्याच्या गप्पांपेक्षा हा अर्थ प्रौढ वाटतो, म्हणून तो कोणी तपासत नाही. तपासला तर तो उथळ ठरतो.

१९६३च्या उन्हाळ्यात ब्रिटिश जनतेला आलेला राग मुख्यतः एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या सत्ताधारी वर्तुळावरचा होता. ‘खोटे बोलला म्हणून गेला’ या सूत्राने तो एका माणसावर आणून बसवला आणि राजीनाम्याने तिथेच मिटवला. वर्तुळ शाबूत राहिले. ज्यांच्या पाठीशी कोणी नव्हते, त्यांना मात्र शिक्षा भोगावी लागली. हे म्हणणे पुढे टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

पाच मंत्र्यांच्या देखत तयार झालेले खोटे

पहिला टप्पा त्या खोट्याच्या घडणीचा. २१ मार्चच्या रात्री मजूर पक्षाचे जॉर्ज विग यांनी सभागृहात, मंत्र्याचे नाव न घेता, शहरभर पसरलेल्या अफवांचा खुलासा मागितला. रिचर्ड क्रॉसमन आणि बार्बरा कॅसल यांनीही तोच विषय लावून धरला. सरकार पक्षाची धावपळ उडाली. झोपेची गोळी घेऊन झोपलेल्या प्रोफ्यूमोंना उठवून पहाटे तीनच्या सुमारास संसद भवनात आणण्यात आले. समोर महाधिवक्ता सर जॉन हॉबसन, सॉलिसिटर जनरल सर पीटर रॉलिन्सन, मुख्य प्रतोद मार्टिन रेडमेन, सभागृह नेते इयन मॅक्लाउड आणि बिनखात्याचे मंत्री विल्यम डीड्स असे पाच जण होते. निवेदनाचा मसुदा त्या बैठकीत, कायदेपंडितांच्या देखरेखीखाली तयार झाला. सकाळी अकरा वाजता, पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन शेजारी बसलेले असताना, प्रोफ्यूमोंनी तो वाचून दाखवला. आरोप सभागृहाबाहेर केल्यास अब्रूनुकसानीचा दावा लावू, अशी तंबीही त्यात होती. दुपारी ते पत्नीसह सॅन्डाउन पार्कच्या घोड्यांच्या शर्यतीला, राजमातेच्या सोबतीला गेले.

अशा निवेदनाला वैयक्तिक निवेदन म्हणतात. रिवाज असा की सभागृह ते शांतपणे ऐकून घेते. त्यावर चर्चा नाही, प्रश्न नाहीत. सभासदाचा शब्द हाच पुरावा. मंत्र्याला एरवी ज्या दालनात उलटसुलट प्रश्नांना तोंड द्यावे लागते, त्याच दालनात, त्याच्यावरचा संशय सर्वांत गडद असताना, विचारण्याची सोय नव्हती. खोटे बोलणारा माणूस एक, पण ते खोटे टिकावे अशी जागा संस्थेने राखून ठेवली होती.

ते पाच जण भोळे नव्हते. त्यांचा विश्वास बसण्यामागे अलीकडचे एक कारण होते. १९६२ साली नौदल खात्यातील कर्मचारी जॉन व्हॅसल रशियाचा हेर निघाला. वृत्तपत्रांनी त्याच्या ओळखीचे मंत्री टॉमस गॅलब्रेथ यांच्यावर शिंतोडे उडवले, मॅकमिलन यांनी त्यांचा राजीनामा घेतला आणि नंतरच्या चौकशीत गॅलब्रेथ निर्दोष ठरले. निव्वळ अफवेवरून माणूस घालवल्याची बोच सरकारला होती. शिवाय त्याच चौकशीत बातमीचा स्रोत सांगायला नकार दिल्याबद्दल दोन पत्रकारांना तुरुंगात जावे लागले होते. सरकारचा वृत्तपत्रांवर विश्वास नव्हता आणि वृत्तपत्रे सरकारवर दात धरून होती.

दुसरे कारण अधिक खोलवरचे. प्रोफ्यूमो त्यांच्यातलेच होते: हॅरोची शाळा, ऑक्सफर्ड, महायुद्धात ब्रिगेडियर. पंतप्रधानांनी त्यांना समोर बसवून स्वतः एकदाही विचारले नाही. सभ्य गृहस्थाला दुसऱ्या सभ्य गृहस्थाने असे विचारायचे नसते. आणि सरकारी यंत्रणेला १९६१ पासून पुष्कळ काही ठाऊक होते. त्या जुलैत लॉर्ड अ‍ॅस्टर यांच्या क्लिव्हडन इस्टेटीतील पोहण्याच्या तलावापाशी प्रोफ्यूमो आणि एकोणीस वर्षांच्या कीलर यांची गाठ पडली. ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळ सचिव सर नॉर्मन ब्रूक यांनी, गुप्तचर खात्याच्या सांगण्यावरून, त्या गोतावळ्यापासून दूर राहा असे प्रोफ्यूमोंना बजावले. पंतप्रधानांना मात्र त्यांनी काहीच कळवले नाही. ब्रूक यांची काळजी इवानोव्ह यांच्या ओळखीपुरती होती. मंत्र्याचे आणखी काही गुंतले असेल, हे विचारणे त्यांनाही प्रशस्त वाटले नसावे.

राग आधीपासून साचला होता

दुसरा टप्पा काळाचा. मॅकमिलन सरकारवरून लोकांचे मन उडायला जून १९६३ उजाडावा लागला नाही. मार्च १९६२मध्ये लंडनजवळच्या ऑर्पिंग्टनच्या पोटनिवडणुकीत हुजूर पक्षाची हक्काची जागा लिबरल पक्षाने हिसकावून घेतली. त्या जुलैत मॅकमिलन यांनी एका फटक्यात सात मंत्री मंत्रिमंडळातून काढले आणि स्वतःची घबराट जगजाहीर केली. जानेवारी १९६३मध्ये फ्रान्सच्या द गॉल यांनी ब्रिटनला युरोपीय बाजारपेठेचे दार बंद केले. त्याच हिवाळ्यात बेकारांची संख्या आठ लाखांवर गेली. बारा वर्षे सलग सत्तेत असलेला पक्ष दमला होता, आणि तो दमलेला दिसत होता.

अशा वेळी कीलर प्रकरण लोकांच्या हाती आले ते त्यांना आधीच वाटत असलेल्या गोष्टीचा पुरावा म्हणून. सरदाराच्या इस्टेटीतला तलाव, मंत्री, सोव्हिएत अधिकारी आणि कामगार वर्गातून आलेल्या दोन पोरी. समाजाचा उभा छेद घेतल्यासारखे चित्र होते ते. जूनच्या अखेरीस मॅरिलेबोनच्या कोर्टात, ज्यांची हकिगत पुढे येते त्या स्टीफन वॉर्ड यांच्या प्रकरणात, कीलर यांची मैत्रीण मँडी राइस-डेव्हिस साक्ष देत होती. लॉर्ड अ‍ॅस्टर तुमच्याशी संबंध आल्याचे नाकारतात, असे वकिलाने सांगताच ती म्हणाली, तो तसंच म्हणणार, नाही का? कोर्टात हशा पिकला आणि ते वाक्य इंग्रजीत म्हणीसारखे रुळले. तीनच महिन्यांपूर्वी कॉमन्सने सभ्य गृहस्थाचा शब्द हाच पुरावा मानला होता. अठरा वर्षांच्या मुलीने एका वाक्यात त्या पुराव्याची किंमत सांगितली. लोक हसले ते त्या शब्दाच्या प्रतिष्ठेला.

म्हणून ‘द टाइम्स’च्या संपादकीयाने ११ जूनला हा नीतीचाच प्रश्न आहे असे मथळ्यातून ठणकावले, तेव्हा त्याने लोकभावनेचे एक टोक तेवढे पकडले. देशाची नीती ढासळली, असे म्हणणारे होतेच. पण बहुसंख्यांच्या मनातला प्रश्न वेगळा होता: हे सगळे एकमेकांना ओळखत होते, मग एकालाही कसे कळले नाही? आणि कळले असेल, तर गप्प का बसले?

१७ जूनच्या चर्चेत विरोधी पक्षनेते हॅरॉल्ड विल्सन यांनी राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा पुढे केला. आपल्याला नीतीच्या गोष्टींत रस नाही, फक्त सुरक्षेत आहे, असे दाखवणे हा कसलेल्या राजकारण्याचा डाव होता. वर्गभेदाचा प्रश्न अशा रीतीने विरोधकांनीही बाजूला ठेवला. हुजूर पक्षाचे सत्तावीस खासदार मतदानापासून दूर राहिले, सरकारचे मताधिक्य ६९वर घसरले, पण सरकार तगले. तीन दिवसांनी सभागृहाने ठराव करून प्रोफ्यूमोंच्या निवेदनाला सभागृहाचा गंभीर अवमान ठरवले. पहाटेच्या बैठकीतले पाच मंत्री, शेजारी बसलेले पंतप्रधान, प्रश्न न विचारण्याचा रिवाज, यांतले काहीही त्या ठरावात नव्हते.

वड्याचे तेल वांग्यावर

तिसरा टप्पा शिक्षेचा, आणि सारा युक्तिवाद इथे कसाला लागतो. राग खरोखर खोटेपणावर असता, तर ज्याने खोटे सांगितले आणि ज्यांनी ते चालवून घेतले त्यांना झळ लागायला हवी होती. घडले भलतेच.

स्टीफन वॉर्ड हे लंडनमधले नावाजलेले ऑस्टिओपॅथ, हाडे-सांध्यांवर हाताने उपचार करणारे. विन्स्टन चर्चिल त्यांचे रुग्ण होते. चित्रकलेचे अंग होते, त्यामुळे थोरामोठ्यांत ऊठबस होती. क्लिव्हडनच्या आवारातली एक कॉटेज अ‍ॅस्टर यांनी त्यांना नाममात्र भाड्याने दिली होती. कीलर यांच्याशी सगळ्यांची गाठ घालून देणारे तेच. इवानोव्ह यांच्या संदर्भात १९६१ मध्ये गुप्तचर खात्याचा अधिकारी वॉर्ड यांना भेटला होता आणि ते त्या खात्याला माहितीही देत होते. २७ मार्च १९६३ रोजी, म्हणजे प्रोफ्यूमोंच्या निवेदनानंतर पाच दिवसांनी, गृहमंत्री हेन्री ब्रूक यांनी गुप्तचर प्रमुख आणि लंडनचे पोलीस आयुक्त यांना बोलावून वॉर्ड यांच्यावर काही कारवाई करता येईल का, याची चाचपणी केली. त्यानंतर पोलिसांचा तपास सुरू झाला. गुन्हा घडला म्हणून संशयित शोधायचा, हा पोलिसांचा क्रम. इथे माणूस आधी ठरला, गुन्हा मागाहून शोधला गेला.

पोलिसांनी शंभरावर लोकांचे जबाब घेतले. राजीनाम्यानंतर तीनच दिवसांनी वॉर्ड यांना अटक झाली. आरोप मुख्यतः वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जगण्याचा. प्रत्यक्षात उपचार आणि चित्रे यांतून त्यांची कमाई बरी होती, आणि आपण वॉर्डना दिले त्यापेक्षा त्यांच्याकडून घेतले जास्त, असे कीलर यांच्याच साक्षीत आले. एका साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या दबावाखाली खोटा जबाब दिल्याचे सांगून तो मागे घेतला. वॉर्ड यांच्या बाजूने उभे राहायला त्यांच्या उच्चभ्रू मित्रांपैकी कोणीही आले नाही, आणि न्यायाधीशांनी ज्यूरीपुढच्या समारोपात ही गोष्ट बोलूनही दाखवली. समारोप पुरा व्हायच्या आत, ३० जुलैच्या रात्री, वॉर्ड यांनी झोपेच्या गोळ्या घेतल्या. ते बेशुद्ध असताना दुसऱ्या दिवशी ज्यूरीने दोन आरोपांवर त्यांना दोषी ठरवले. ३ ऑगस्टला ते वारले.

कीलर यांचे काय झाले ते प्रोफ्यूमोंच्या शेजारी ठेवून पाहावे. त्यांच्यावर हल्ला केल्याबद्दल एका माणसावर खटला चालला होता. हल्ल्याच्या वेळी आणखी दोघे हजर होते, ही गोष्ट कीलर यांनी कोर्टात लपवली. डिसेंबर १९६३मध्ये खोट्या साक्षीबद्दल त्यांना नऊ महिन्यांची कैद झाली. एकाच वर्षात दोघे खोटे बोलले. मंत्र्याच्या वाट्याला निषेधाचा ठराव आला, तरुणीच्या वाट्याला तुरुंग. लोकक्षोभाचा पारा इतका चढलेला असताना ही विषमता फार थोड्यांना खटकली. कीलर यांची हकिगत ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकाने वीस हजार पौंडांहून अधिक देऊन विकत घेतली होती. म्हणजे त्यांची जाहीर नाचक्की करून त्याच नाचक्कीवर अंक खपवले गेले.

एक मोठी चौकशी झाली, तीही पाहण्यासारखी आहे. न्यायमूर्ती लॉर्ड डेनिंग यांनी ती बंद दाराआड केली; शपथ नाही, उलटतपासणी नाही, साक्षी प्रसिद्ध नाहीत. २६ सप्टेंबरला अहवाल विक्रीला आला तेव्हा मध्यरात्री दुकानासमोर रांगा लागल्या आणि लाखावर प्रती खपल्या. सुरक्षेला धोका पोचला नव्हता, असा निष्कर्ष त्यात होता. मंत्र्यांनी प्रकरण नीट हाताळले नाही, एवढा ठपका पंतप्रधान आणि सहकाऱ्यांवर आला. नैतिक अधःपाताचे सगळे खापर वॉर्ड यांच्यावर फुटले. ते उत्तर द्यायला हयात नव्हते.

खरी सुधारणा कुठून आली

ऑक्टोबर १९६३मध्ये मॅकमिलन यांनी आजारपणामुळे पद सोडले. वर्तुळाची मोडतोड झाली असती, तर ती इथे दिसली असती. नव्या नेत्याची निवड जुन्याच पद्धतीने झाली: मतदान नाही, पक्षातल्या वडीलधाऱ्यांनी कानोसा घ्यायचा आणि राणीला नाव कळवायचे. नाव निघाले ते चौदावे अर्ल ऑफ होम यांचे. अ‍ॅस्टरांच्या तलावावर चार महिने खवळलेल्या देशाला नवा पंतप्रधान मिळाला तो सरदारच.

मॅक्लाउड यांनी, तेच ते पहाटेच्या बैठकीतले, होम यांच्या हाताखाली काम करायला नकार दिला. जानेवारी १९६४मध्ये ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात लेख लिहून त्यांनी मूठभरांच्या या निवडीचे बिंग फोडले. पुढच्या वर्षी हुजूर पक्षाने खासदारांच्या मतदानाने नेता निवडायला सुरुवात केली. त्या वर्तुळाला बसलेला ठोस धक्का हाच, आणि त्यात शयनगृहाचा संबंध नव्हता. कोणी निवडले, कसे निवडले, कोणाला विचारले, असे नेमके प्रश्न विचारले गेले म्हणून उत्तर द्यावे लागले.

प्रोफ्यूमोंमुळे सरकार पडले, ही समजूतही ताणलेली आहे. त्यांच्या स्ट्रॅटफर्ड मतदारसंघात ऑगस्टमध्ये झालेली पोटनिवडणूक हुजूर पक्षानेच, मताधिक्य बरेच घटले तरी, जिंकली. ऑक्टोबर १९६४च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाला बहुमत मिळाले ते अवघ्या चार जागांचे.

संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप सरळ आहे. संसद मंत्र्याच्या शब्दावर चालते, मग सभागृहाशी खोटे बोलणे क्षुल्लक कसे? ते क्षुल्लक नाहीच. प्रोफ्यूमोंना जावे लागले हे योग्यच झाले. पण खोटेपणा हाच निकष असेल, तर तो सर्वत्र लागू पडला पाहिजे, आणि तो पडत नाही. आयर्लंडचे पुढारी चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांचे विवाहित स्त्रीशी असलेले संबंध नोव्हेंबर १८९०मध्ये घटस्फोटाच्या खटल्यात चव्हाट्यावर आले. त्यांनी संसदेला फसवले नव्हते. पंतप्रधानपद भूषवलेल्या ग्लॅडस्टन यांना ते संबंध वर्षानुवर्षे ठाऊक होते. उलट त्याच बाईंमार्फत पार्नेल यांच्याशी निरोपांची देवाणघेवाण चालत असे. तरीही धर्मनिष्ठ मतदार बिथरताच ग्लॅडस्टन यांनी पाठ फिरवली, आयरिश पक्ष दुभंगला आणि वर्षाच्या आत पार्नेल वारले. तिथे खोटेपणा नसतानाही माणूस गेला. दोन्हीकडे समान गोष्ट एकच: आजवर सांभाळून घेणाऱ्यांना आता ते परवडेनासे झाले.

दुसरा आक्षेप उदारमतवाद्यांचा. खासगी ते खासगी. लोकांनी त्यात डोकावूच नये. हा आक्षेप अर्धा मान्य करण्याजोगा आहे. मंत्र्याचे कोणाशी काय होते, हे जाणण्याचा लोकांना हक्क नाही. पदाचा वापर झाला का, कोणाला ठाऊक होते, आणि किंमत कोण मोजतो, हे तीन प्रश्न मात्र सार्वजनिकच आहेत. प्रौढपणाच्या नावाखाली सारेच दार लावून घेतले, तर आत राहतो तो सत्तावान आणि बाहेर राहते ती वॉर्ड-कीलर यांच्यासारखी माणसे.

तिसरा आक्षेप असा की राजीनामा हीच तर जबाबदारी. आणखी काय हवे? पायउतार होणे आणि उत्तर देणे या दोन गोष्टी आहेत, आणि बहुधा पहिली दुसरी टाळण्यासाठी केली जाते. प्रोफ्यूमोंनी मंत्रिपदाबरोबर खासदारकीही सोडली, त्यामुळे सभागृहाला त्यांना विचारण्याची सोय उरली नाही. २००६ साली मरेपर्यंत त्यांनी या विषयावर जाहीरपणे अवाक्षर काढले नाही. पूर्व लंडनच्या टॉयन्बी हॉल या सेवासंस्थेत त्यांनी दीर्घकाळ मनापासून काम केले, १९७५मध्ये त्यांना राजमान्य किताब मिळाला. त्यांच्या प्रायश्चित्ताच्या खरेपणावर शंका घेण्याचे कारण नाही. पण शांतपणे प्रायश्चित्त घेण्याची ऐपत असावी लागते. घर, पैसा, सोबत उभी राहिलेली पत्नी आणि परत घेणारा समाज यांतले कीलर यांच्याकडे काय होते?

हीच रीत अलीकडेही दिसली. जून २०२१मध्ये ब्रिटनचे आरोग्यमंत्री मॅट हॅन्कॉक यांचे कार्यालयातील सहकारी स्त्रीसोबतचे चित्रण ‘द सन’ने छापले. करोनाचे अंतराचे नियम लोकांना शिकवणाऱ्या मंत्र्याने ते स्वतः मोडले, म्हणून राग उसळला आणि तो रास्त होता; नियम पाळत लोकांनी आप्तांचे अंत्यविधी लांबून पाहिले होते. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी माफी स्वीकारून प्रकरण संपल्याचे जाहीर केले, दुसऱ्या दिवशी हॅन्कॉक गेले आणि प्रकरण खरोखर संपले. नियम करणारे सरकार स्वतः नियम पाळते का, हा प्रश्न त्या आठवड्यात समोर असूनही कोणी रेटला नाही. पंतप्रधानांच्या निवासस्थानी नियमभंग करून झालेल्या मेजवान्यांची बातमी फुटायला वर्षअखेर उजाडावी लागली.

वॉर्ड यांच्या खटल्याचा फेरविचार व्हावा, यासाठी पन्नास वर्षांनंतर प्रयत्न झाले. फौजदारी खटल्यांचा फेरतपास करणाऱ्या आयोगाने २०१७ साली ते प्रकरण अपील न्यायालयाकडे न पाठवण्याचे ठरवले. बेशुद्धावस्थेतील माणसाला दोषी ठरवणारा ज्यूरीचा तो निर्णय आजही कायम आहे.